मानसशास्त्रात ऑनर्स करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या आधी एक प्रकारचे प्रश्न येतात, पहिल्या सहामाहीनंतर वेगळे, आणि डिझर्टेशनच्या (शेवटच्या संशोधन प्रबंधाच्या) वर्षी तर एकदम वेगळे. इथे तिन्ही प्रकार एकत्र आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या मुद्द्यांवर नंतर खरोखर अडायला होतं.

ऑनर्स म्हणजे नेमकं काय?

देशागणिक उत्तर बदलतं. इंग्लंडमध्ये मानसशास्त्राची तीन वर्षांची पदवी बहुतेक वेळा ऑनर्सचीच असते, स्कॉटलंडमध्ये तिला चार वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची पदवी झाल्यावर ऑनर्सचं चौथं वर्ष वेगळं असतं. जागा मोजक्या, त्यामुळे गुणांची चुरस मोठी. भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षं पूर्ण केली की ऑनर्स मिळते, आणि पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधन करून ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते.

रचना कुठलीही असो, बहुतेक ठिकाणी शेवट सारखाच असतो. स्वतः प्रश्न काढायचा, माहिती गोळा करायची, तिचं विश्लेषण करायचं आणि प्रबंध लिहायचा. आधीची सगळी वर्षं या कामाची तयारी असते. हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही, म्हणून अनेकांना मधली दोन वर्षं विस्कळीत वाटतात.

मानसशास्त्र शिकलं की समोरच्याचं मन ओळखता येतं का?

नाही. उलट, मन ओळखल्याचा दावा करणाऱ्यांकडे संशयानं बघायची सवय लागते.

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन लिहून दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा राशिभविष्याच्या एका पुस्तकातून उचललेला. ‘तुम्ही वरून शिस्तबद्ध दिसता, पण आतून काळजी करता’ हे कुणाला लागू होणार नाही? ऑनर्सच्या अभ्यासात तुम्ही फोररच्या जागी उभं राहायला शिकता. एखादी गोष्ट पटली म्हणून ती खरी ठरत नाही, ती कशी तपासायची हे इथे शिकवतात. माणसं वाचायची विद्या हवी असेल तर हा अभ्यासक्रम तुमची निराशा करेल.

शाळेत मानसशास्त्र नव्हतं. अडचण येईल का?

नाही. पहिलं वर्ष मुळापासूनच सुरू होतं. शाळेत विषय असलेल्यांना पहिले दोन-तीन महिने सोपं जातं, पुढे तो फरक उरत नाही. जीवशास्त्र आणि थोडं गणित झालेलं असेल तर त्याचा उपयोग जास्त.

गणित कच्चं आहे. स्टॅटिस्टिक्स किती असतं?

भरपूर. या प्रश्नावर गोड बोलण्यात अर्थ नाही. बहुतेक अभ्यासक्रमांत जवळजवळ दरवर्षी संशोधन पद्धती आणि सांख्यिकी असते, आणि डिझर्टेशनमध्ये ती परत भेटते. विषय सोडणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच सोडतात.

पण त्यात बीजगणिताचे लांबलचक व्याप नसतात. आकडेमोड संगणक करतो, कुठे एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर, कुठे आरवर, कुठे जामोव्ही किंवा जास्पवर. शेवटची तिन्ही फुकट आहेत, घरी टाकून घ्या. अडतं ते विचारात. पी व्हॅल्यूचंच बघा. पी ०.०३ आली म्हणजे ‘माझी परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९७ टक्के’ असं अर्धा वर्ग लिहितो. ते चूक आहे. तिचा अर्थ असा: प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के. परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती, याबद्दल ती गप्प आहे. हे वाक्य चार वेळा वाचावं लागलं तरी हरकत नाही. पुष्कळ प्राध्यापकांचीही जीभ इथे घसरते.

दुसरी अडणारी गोष्ट म्हणजे परिणामाचा आकार. दोन चलांचा, म्हणजे मोजलेल्या दोन बदलत्या गोष्टींचा, सहसंबंध ०.३० आला की विद्यार्थी खूश होतात. त्याचा वर्ग करा: ०.०९. म्हणजे एका चलातल्या चढउतारापैकी ९ टक्क्यांचा मेळ दुसऱ्याशी लागला, ९१ टक्के अजून बाहेरच आहे. मानसशास्त्रात ०.३० तसा बरा आकडा आहे, पण त्यावरून एका माणसाचं भाकीत करायला निघू नये. हे एकदा समजलं की वर्तमानपत्रातली ‘संशोधनात सिद्ध झालं’ छापाची बातमी वाचताना तुम्ही आधी नमुना किती होता ते शोधता.

नमुना किती लागतो याचंही गणित आहे. दोन गटांत मध्यम फरक असेल आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर नेहमीच्या ५ टक्क्यांच्या पातळीला (पी ०.०५ च्या खाली आली की निकाल ‘लक्षणीय’ धरतात) प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक लहान असेल तर हाच आकडा गटाला ३९० च्या आसपास जातो. आता तुमच्या वर्गातल्या वीस जणांवर केलेल्या प्रयोगाकडे पुन्हा बघा.

सल्ला एकच: दर आठवड्याचा सराव त्याच आठवड्यात करा. सांख्यिकी परीक्षेच्या आदल्या रात्री होत नाही. कथा-निबंधांचे विषय कदाचित होतात.

पहिल्या वर्षी काय काय असतं?

सगळ्याची तोंडओळख: जैव मानसशास्त्र, बोधनिक (अवधान, स्मरण, विचार), विकासात्मक, सामाजिक, व्यक्तिमत्त्व, थोडं अपसामान्य (मानसिक विकारांचं). शिवाय विषयाचा इतिहास. १८७९ मध्ये लाइपझिगला विल्हेल्म वुन्ट यांनी प्रयोगशाळा काढली तिथपासून तो साधारण सांगतात. पुढच्या वर्षांत हेच विषय खोलात येतात.

बहुतेक जण अपसामान्य मानसशास्त्राच्या ओढीनं येतात आणि अवधान, स्मरण यांत रमतात. याचं मला नवल वाटत नाही. हेन्री मोलेसन या रुग्णाचं उदाहरण घ्या. अपस्मारावरचा उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला, आणि नव्या आठवणी साठवणं जवळजवळ बंद झालं. तरीही आरशात बघून चांदणी गिरवायचा सराव त्यांना दिला तेव्हा हात रोज सुधारत गेला. आदल्या दिवशी हे काम केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. स्मृती ही एकच गोष्ट नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं कमी आहेत.

प्रात्यक्षिकाचा अहवाल एवढा किचकट का असतो?

कारण तो साच्यात लिहायचा असतो: प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. संदर्भ एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीनं, सध्या सातव्या आवृत्तीप्रमाणे. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कुठे, याचेही गुण कापतात. तक्रार करायला हरकत नाही, पण शिकून घ्या.

पहिला प्रयोग बहुधा स्ट्रूपचा असतो. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा. तोंडातून ‘लाल’ निघू पाहतं, तुम्ही ते अडवता, आणि त्यात वेळ जातो. १९३५ च्या मूळ अभ्यासात नुसत्या रंगीत चौकोनांची यादी सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, तर न जुळणाऱ्या शब्दांचे रंग सांगायला ११०. परिणाम इतका दणदणीत आहे की वर्गातल्या पंधरा जणांतही दिसतो, म्हणूनच तो नवशिक्यांना देतात.

अहवालात गुण जातात ते ‘पद्धत’ या भागात. कसोटी अशी ठेवा: तुमचा अहवाल वाचून परक्या माणसाला तो प्रयोग तसाच्या तसा करता आला पाहिजे. शब्द किती होते, क्रम कसा ठरवला, चूक झाली तर पुन्हा सांगायला लावलं का, सहभागी रंगांध नाहीत हे तपासलं का? ‘सहभागींना यादी दिली व वेळ मोजली’ एवढ्यावर भागत नाही.

गाजलेले प्रयोग खोटे निघाले म्हणतात. मग ते शिकायचे कशाला?

सगळे खोटे निघालेले नाहीत, आणि जे डळमळले त्यांची कहाणीच शिकण्यासारखी आहे.

मिलग्रमचा आज्ञापालनाचा प्रयोग १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्या, अशी आज्ञा सहभागींना होती. ४० पुरुषांपैकी २६ जणांनी शेवटचा, ४५० व्होल्टचा खटका दाबला. झटके खरे नव्हते, पण दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. याच प्रयोगाच्या पुढच्या रूपांत परिस्थिती बदलली, आज्ञा देणारा फोनवरून बोलू लागला किंवा दुसऱ्या सहभागींनी आधी नकार दिला, तसं आज्ञापालन झपाट्यानं घसरलं. हे मात्र फार थोड्यांना आठवतं, आणि माझ्या मते महत्त्वाचा भाग तोच आहे.

१९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग वेगळ्या कारणानं वादात आहे. त्यात सहभागींना कैदी आणि पहारेकरी अशा भूमिका दिल्या होत्या. दोन आठवडे चालायचा तो सहा दिवसांत थांबवला, आणि ‘भूमिका दिली की सज्जन माणूसही क्रूर होतो’ असा धडा पाठ्यपुस्तकांत बसला. पुढे कागदपत्रं आणि ध्वनिमुद्रणं तपासली गेली, तेव्हा पहारेकऱ्यांना कडक वागण्यासाठी उत्तेजन दिलं जात होतं असं दिसलं. मग क्रूरता भूमिकेतून आली की सूचनेतून? हा प्रयोग उत्तरपत्रिकेत ‘सिद्ध झालं’ म्हणून लिहाल तर गुण जातील.

२०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्यांपैकी ९७ टक्के अभ्यासांत लक्षणीय निकाल आला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत आला. त्या धक्क्यानंतर या क्षेत्राची कामाची रीत बदलत गेली. परिकल्पना आधीच नोंदवून ठेवणं, माहिती खुली करणं, नमुने मोठे घेणं आता वाढलं आहे. तुमच्याकडूनही डिझर्टेशनच्या वेळी पूर्वनोंदणी मागितली जाऊ शकते. मला विचाराल तर विषय शिकायला ही चांगली वेळ आहे, कारण पाठ्यपुस्तकावर शंका घेतलेली आता उद्धटपणात मोडत नाही.

आणखी एक प्रश्न विचारत राहा: हे संशोधन झालं कुणावर? २०१० मध्ये हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी दाखवून दिलं की वर्तनशास्त्रांचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांतल्या लोकांवरून, त्यातही विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत, आणि सगळ्या मानवजातीला लावलेले आहेत. तुमच्या डिझर्टेशनचा विषय याच फटीत सापडू शकतो.

डिझर्टेशनचा विषय कसा निवडावा?

बहुतेक जण ‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’ घेऊन येतात. यात एकही गोष्ट मोजता येत नाही. कोणता मीडिया, कोणते तरुण, कशावर परिणाम?

समजा तुम्हाला मोबाइल आणि झोप यांत रस आहे. पहिला प्रश्न: मोबाइलचा वापर कसा मोजणार? ‘तुम्ही रोज किती तास वापरता’ असं विचाराल तर लोक अंदाजपंचे सांगतील. फोनमध्ये स्क्रीन टाइमची नोंद असते, तिचा फोटो मागता येतो. मग एकूण वापर हवा की झोपण्याआधीच्या तासाभराचा? दुसरा प्रश्न: झोप कशी मोजणार? त्यासाठी पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली आहे. १९ प्रश्न, सात घटक, एकूण गुण ० ते २१, आणि ५ च्या वर गेलात तर झोप बिघडलेली समजतात. ती मागच्या महिन्याबद्दल विचारते, तर तुमचा स्क्रीन टाइम मागच्या आठवड्याचा. मेळ बसतो का? तिसरा: संबंध सापडला तरी मोबाइलमुळे झोप उडते, की झोप येत नाही म्हणून हातात मोबाइल येतो? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून हे सांगता येत नाही. म्हणून शीर्षकात ‘परिणाम’ लिहू नका, ‘संबंध’ लिहा.

एवढं होईपर्यंत विषय एका ओळीत मावू लागतो. मावत नसेल तर तो अजून मोठा आहे.

प्रश्नावली स्वतः बनवायचा मोह टाळा. चांगली मापनी तयार करणं हे स्वतंत्र संशोधन आहे. विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी तेच येतं का) आणि सप्रमाणता (हवं तेच मोजलं जातं का) दाखवण्यातच वर्ष जाईल. तयार मापनी वापरा, परवानगी लागते का बघा, आणि भाषांतरित आवृत्ती वापरत असाल तर ती तपासलेली आहे का ते बघा. उलट गुणांची विधानंही (ज्यांना ‘हो’ म्हटलं की गुण कमी होतात) विसरू नका. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनीत दहा विधानं आहेत, त्यांतली पाच उलटी. ती न उलटवता बेरीज केली की क्रॉनबॅकचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो, आणि विद्यार्थी रात्री गाइडला मेल पाठवतो की ‘मापनीच चुकीची आहे’. मापनी बरोबर असते.

गाइड कसा मिळतो? किती वेळा भेटावं?

काही ठिकाणी विभाग वाटून देतो, काही ठिकाणी तुम्ही पसंतीक्रम द्यायचा. पसंती देताना गाइडचं नाव किती मोठं आहे यापेक्षा त्यांचं अलीकडचं काम तुमच्या प्रश्नाच्या जवळ आहे का ते बघा.

भेटींची संख्या बहुधा नियमात ठरलेली असते. रिकाम्या हातानं जाऊ नका. ‘सर, काय करू?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘मॅडम, हे दोन पर्याय आहेत, मला दुसरा बरा वाटतो, कारण असं-असं’ म्हणालात तर दहा मिनिटांत काम होतं. भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत मेल करा. गाइडकडे तुमच्यासारखे अनेक असतात, आणि कुणाशी काय ठरलं हे विसरलं जातं. तुमचं नातं कितीही चांगलं असो, लेखी असू द्या.

एथिक्स कमिटीची मान्यता एवढी कटकटीची का?

इतिहासामुळे. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा हे माणसांवर झालेल्या वैद्यकीय प्रयोगांच्या अनुभवातून आले. मानसशास्त्राचं स्वतःचं कपाटही स्वच्छ नाही. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वॉटसन आणि रेनर यांनी वर्षाच्याही आतल्या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती मुद्दाम बसवली, आणि ती घालवली नाही.

तुमच्या अर्जात माहितीपत्रक, संमतीपत्र, केव्हाही माघार घेण्याचा हक्क, माहिती कुठे व किती काळ ठेवणार, आणि शेवटी सहभागीला खरा हेतू कसा सांगणार, हे सगळं लागतं. अर्ज परत येतो तो बहुधा एका विशिष्ट कारणानं. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरायचं ठरवलेलं असतं. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कमिटी विचारते: एखाद्यानं तिथे ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली तर तुम्ही काय कराल? प्रश्नावली निनावी असेल तर तुम्हाला तो माणूस शोधताही येणार नाही. यावर तयार योजना हवी, नाहीतर वेगळी मापनी निवडा. पदवीच्या विद्यार्थ्यानं असे नाजूक विषय शक्यतो टाळावेत असंच बहुतेक गाइड सांगतात, आणि ते बरोबर आहे.

वेळ धरून चाला. मान्यता मिळेपर्यंत एकाही माणसाकडून माहिती घ्यायची नाही, मैत्रिणीकडूनसुद्धा नाही.

निकालच आला नाही तर नापास होईन का?

नाही. परीक्षक तुमच्या परिकल्पनेला गुण देत नाहीत. प्रश्न नीट मांडला का, पद्धत त्याला साजेशी होती का, आणि जे मिळालं त्याचा अर्थ प्रामाणिकपणे लावला का, याला गुण असतात. लक्षणीय निकाल नाही आला तर तसं लिहा. नमुना लहान होता का, मापनी ढोबळ होती का, की खरंच संबंध नाही, याची चर्चा करा. उत्तम गुण मिळालेले असे प्रबंध पुष्कळ असतात.

धोका दुसरीकडे आहे: निकाल येत नाही म्हणून चार जणांना वगळून पाहायचं, मग मुलं-मुली वेगळे करून पाहायचे, मग आणखी एक चाचणी. वीस चाचण्या केल्या तर एखादी निव्वळ योगायोगानं लक्षणीय येण्याची शक्यता बरीच असते. परीक्षकाला हे कळतं. तोंडी परीक्षेत ‘हे विश्लेषण आधी ठरवलं होतं का?’ असा साधा प्रश्न येतो आणि पंचाईत होते.

स्टॅटिस्टिक्स टाळायला गुणात्मक संशोधन घेतलं तर?

गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींसारख्या मजकुरावर चालणारं, संशोधन त्या कारणानं घेऊ नका. एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला नवख्याला पाच-सहा तास सहज लागतात. मग संकेतन (मजकुराच्या तुकड्यांना नावं देणं), त्यातून आशयसूत्रं (पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे), मग सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून. आठ मुलाखती म्हणजे दीडशे पानं मजकूर होऊ शकतो. ‘सहभागींनी असं-असं सांगितलं’ एवढा गोषवारा म्हणजे विश्लेषण नव्हे. आशयसूत्रं शोधण्याची ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ पासून रुळलेली पद्धत वापरणार असाल तर तिच्या पायऱ्या नुसत्या उद्धृत न करता पाळाव्या लागतात. तुमच्या प्रश्नाला अनुभवाचं आकलन हवं असेल तर जरूर घ्या.

एआयची मदत घेतली तर चालते का?

तुमच्या विद्यापीठाचा नियम वाचा, तो दरवर्षी बदलतो आहे. दोन गोष्टी मात्र टाळाच. एक, न वाचलेले संदर्भ. ही साधनं अस्तित्वात नसलेले शोधनिबंध लेखक-वर्षासकट तयार करून देतात. दोन, सहभागींच्या मुलाखती अशा साधनात टाकणं. संमतीपत्रात त्यांना तुम्ही काय वचन दिलं होतं ते आठवा.

अभ्यास कसा करावा?

विषयानंच याचं उत्तर दिलेलं आहे, आणि त्याचेच विद्यार्थी ते पाळत नाहीत ही गंमत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. पुन्हा वाचताना ‘हे येतंय मला’ असं वाटतं, आणि तेच फसवतं. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग चुका बघा. दोन दिवसांनी पुन्हा. पिवळ्या मार्करवरचे पैसे वाचतील.

शोधनिबंध वाचताना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जायची गरज नाही. सारांश, मग पद्धत, मग तक्ते. चर्चा शेवटी वाचा, आणि तक्त्यांत नसलेलं काही लेखक चर्चेत सांगतोय का ते तपासा.

मला स्वतःला मानसिक त्रास आहे. हा विषय घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, आणि असे विद्यार्थी कमी नसतात. फक्त, पदवी हा उपचार नाही. अपसामान्य मानसशास्त्राच्या वर्गात लक्षणांची यादी वाचताना बहुतेकांना स्वतःत काहीतरी सापडतं, त्रास नसलेल्यांनाही. खरा त्रास असेल तर ते तास जड जाऊ शकतात. उपचार चालू असतील तर चालू ठेवा, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची माहिती आधीच काढून ठेवा, आणि आपलाच त्रास डिझर्टेशनचा विषय करण्याआधी गाइडशी मोकळेपणी बोला. वर्गमित्रांचं निदान करत बसू नका. त्यांना ते आवडत नाही, आणि तुम्हाला तो अधिकारही नाही.

ऑनर्स झाली म्हणजे मी मानसशास्त्रज्ञ झालो का?

नाही. अनेक देशांत ही पदनामं कायद्यानं राखलेली आहेत, आणि त्यांसाठी पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचं काम व नोंदणी लागते. ऑनर्सनं त्या वाटेचं दार उघडतं. सायकियाट्रिस्ट आधी डॉक्टर असतो, ती वाट वैद्यकीय शिक्षणातून जाते. इथून थेट तिकडे वळता येत नाही. समुपदेशकासाठीचे नियम देशाप्रमाणे खूपच सैल-घट्ट आहेत. नुसत्या पदवीवर कुणाला ‘थेरपी’ देऊ नका, ओळखीत तर नाहीच.

चिकित्सा (क्लिनिकल) शाखेत जायचं असेल तर जागा कमी आणि अर्ज फार. गुणांबरोबर प्रत्यक्ष अनुभव मागतात: मदतवाहिनी, विशेष मुलांची शाळा, पुनर्वसन केंद्र. दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करा.

तिथे जायचं नसेल तर नोकरी कसली मिळते?

मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन, वापरकर्त्यांचा अभ्यास करणाऱ्या टीम, शिक्षण, स्वयंसेवी संस्था, माहिती विश्लेषण. बायोडेटात ‘माणसं समजून घेण्याची आवड’ लिहू नका, ती सगळेच लिहितात. ‘१२० जणांची प्रश्नावली आखली, एथिक्स मान्यता मिळवली, आरमध्ये विश्लेषण केलं’ असं जे खरोखर केलं ते लिहा. ज्या स्टॅटिस्टिक्सला घाबरला होतात तेच इथे उपयोगी पडतं.

विद्यापीठ निवडताना काय विचारावं?

पदवीला तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का, हे सर्वांत आधी. मान्यता नसेल तर पुढे पदव्युत्तरला अडतं, आणि ते तीन-चार वर्षांनी कळतं. मग विचारा: डिझर्टेशन एकट्यानं की गटात? एका गाइडकडे किती विद्यार्थी? कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात? ऑनर्सच्या वर्षात जाण्यासाठी किमान किती गुण लागतात, आणि नाही मिळाले तर कोणती पदवी हाती येते? माहितीपत्रकावरच्या मेंदूच्या रंगीत स्कॅनला भुलू नका. तो स्कॅनर पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

शिफारसपत्र कधी मागावं?

अंतिम तारखेच्या निदान महिनाभर आधी, आणि ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांच्याकडेच. सोबत गुणपत्रिका, बायोडेटा, तुमच्या प्रबंधाचा सारांश आणि ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करताय त्याची लिंक द्या. आठवडा राहिला की एकदा आठवण करा. प्रवेश मिळाला की कळवा, नाही मिळाला तरी.